स्टोव्हच्या टाकीतला रेडिओ

गिरणी चालू असते तेव्हा घरात सांगण्यासारखं काही घडत नाही. पाळी, डबा, झोप. संप झाला नि लालबागच्या आमच्या चाळीत पुरुषमाणसं दिवसाउजेडी दिसायला लागली. मग किस्से साठायचेच. आमच्या घरातले बरेचसे एका रेडिओचे आहेत.

आमचे हे साचे खात्यात, म्हणजे माग चालतात तिथे. सुरुवातीला सभांना जायचे. मग सभा कमी झाल्या नि हे भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. दाढी नाही, आंघोळ सांगितली तर. मी तेव्हा खोताच्या वाडीत पास्कोलला डबा पोचवायची. म्हातारा व्हॉल्व्हचे, ते काचेच्या दिव्यांचे रेडिओ दुरुस्त करायचा. ट्रान्झिस्टर आले नि त्याचं दुकान बसलं. एकदा मी त्याला यांचं सांगितलं. त्याने माळ्यावरून एक खोकं काढलं. आत सगळे सुटे भाग, आपण जोडून रेडिओ करायचा.

"घेऊन जा बाय. बसलेल्या माणसाला दे," म्हणाला. "लवकर झाला तर मात्र तुझं नशीब फुटकं."

दुसऱ्या दिवशी हे गिरणीच्या वेळेला उठले. दाढी केली, आंघोळ केली नि खोक्यापुढे बसले. मी चहा तेवढा ठेवला.

*

मदतीला शेजारचे वामन भावोजी, यांच्याच खात्यातले. मागांच्या खडखडाटात दोघांचे कान कधीच गेलेले, ओरडून बोललं तरच ऐकू यायचं. खात्यात सगळे बोटांनीच बोलायचे. दोन बोटं जुळवून फटकन सोडली की समजायचं, धागा तुटला.

बाहेर मात्र हळू बोलणं जमायचं नाही. एकदा दोघे मयताला गेले. भावोजी यांच्या कानात कुजबुजले, "कशाने गेला रे?"

खालच्या मजल्यावरून उत्तर आलं, "काविळीने!"

*

खोक्यातलं पुस्तक इंग्रजी. दोघांनी चित्रं बघून तारा जोडल्या. आठ दिवसांनी पास्कोल बघायला आला. एकेक जोड बोटाने चाचपत राहिला. यांनी प्रत्येक तारेला, मागावर तुटलेल्या धाग्याला मारतात ती गाठ मारली होती. केवढीशी गाठ, पण ओढून सुटायची नाही.

"एवढं सुंदर काम मी जन्मात बघितलं नाय," पास्कोल म्हणाला. "आता सगळं सोडा."

तारेला गाठ चालत नाही, शिसं वितळवून डाग द्यावा लागतो. तेव्हा कळलं. सोडायला दहा दिवस गेले. गाठी पक्क्या होत्या.

*

खोक्यात रेडिओची पेटी नव्हती. एके दिवशी बाजारातून आले तर माझा पंपाचा स्टोव्ह नाही. त्याची पितळी टाकी यांनी कापली होती, घासून लखलखीत केली होती आणि आवाज बाहेर यायला तिचं तोंड केलं होतं. वरती व्हॉल्व्ह उघडेच उभे. फिरवायच्या बटनांना गिरणीतल्या लाकडी बॉबिनी. दिसायला देखणा, नाही म्हणत नाही.

"अहो, स्वयंपाक कशावर करू?"

"चुलीला काय लागतं? तीन विटा."

"मग रेडिओला काय लागतं? तोंड. तुमचं होतं की."

दोन दिवस बोलले नाहीत. पण तिसऱ्या दिवशी वातीचा स्टोव्ह कुठूनतरी आला.

*

पहिल्यांदा पिन लावली ती भर दुपारी. फट् झालं नि अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडाला. पारूमावशी मासे विकून येऊन नुकती पंख्याखाली पडली होती. ती गॅलरीत आली.

"गिरणी बंद पाडलीत ती पाडलीत. आता चाळ पण बंद पाडताय काय रे?"

*

दसऱ्याला गिरणीत मागाची पूजा व्हायची, मग पेढे. त्या वर्षी गिरणीला कुलूप. पूजा करायची कशाची? भावोजींनी रेडिओला झेंडूचा हार घातला, मी हळदकुंकू वाहिलं. मजल्यावरची खात्यातली सगळी माणसं आली. नमस्कार झाले तरी कोणी हलेना.

"बघतोस काय? आता मालक तूच," भावोजी यांना म्हणाले. "पेढे काढ."

यांनी गूळ फोडून वाटला. तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "आणि बोनस?"

"संप मिटल्यावर," हे म्हणाले. मालक शोभले.

*

संप मिटला असं कोणी म्हटलंच नाही. काही जणांना गिरणीने आत घेतलं. हे नि भावोजी दोनदा गेटवर जाऊन आले. दोनदा परत. तिसऱ्यांदा गेले नाहीत. घरी येऊन शर्ट खुंटीला लावला नि रेडिओपुढे बसले.

त्यानंतरची एक दुपार. मी भाकरी थापत होते. व्हॉल्व्ह तापून लाल झालेले. भावोजी बॉबीन फिरवत होते, हे वाकून एकेक दिवा बघत होते. आणि टाकीतून बाई बोलली. हळू, पण स्वच्छ. बाजारभाव सांगत होती. कांदा, बटाटा, लसूण.

मी हात थांबवला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. भावोजींनी नाही म्हणून मान हलवली.

"काय गं," यांनी मला विचारलं, "काही आलं?"

बाई वांग्यांवर पोचली होती. मी पिठाच्या हाताची दोन बोटं जुळवली नि फटकन सोडली.

"बघ. कुठेतरी तुटलंय," हे भावोजींना म्हणाले. "उद्या सगळं परत उघडू. सातला ये."

आणि वस्तऱ्याला धार लावायला बसले.