वसुधाताईंच्या टिपा

वसुधाताईंचं नाव आधी घेतो. आई-वडिलांनंतर मी कुणाचा ऋणी असेन, तर त्यांचा. आणि त्यांच्याशी मी जे वागलो ते गेल्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं — बायकोलाही नाही.

मुरबाडकडच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. घोडबंदर रोडवरच्या कंपनीत लागलो तेव्हा मला धड प्रश्नही विचारता येत नव्हता. मी नुसतं मॅडम, मॅडम करायचो. त्या म्हणाल्या, "मॅडम काय रे? ताई म्हण. आणि कळलं नसेल तर मान हलवू नकोस."

रुग्णालयांसाठी औषधांच्या मात्रा तपासणारा प्रोग्राम आम्ही लिहितो. त्यात केलेला प्रत्येक बदल गिट नावाच्या साधनात जपला जातो. अशा एका बदलाला कमिट म्हणतात. ताईंनी मला दाखवलं, की कमिटचं लांबलचक नाव कुणी ठेवत नाही. ते त्या बदलाच्या मजकुरातून आणि आधीच्या कमिटच्या नावातून आपोआप निघतं. म्हणजे फार जुना एखादा स्वल्पविराम जरी हलवला, तरी तिथून आजपर्यंतच्या सगळ्यांची नावं बदलतात. मी थक्क झालो होतो. अजूनही होतो. प्रत्येकात त्याचे सगळे पूर्वज मुरलेले — हे माणसाला सुचलं तरी कसं?

ताई आणखी एक करायच्या, जे दुसरं कुणी करत नसे. महत्त्वाच्या कमिटला त्या टीप जोडत — हा बदल का केला, कुठल्या डॉक्टरांनी काय सांगितलं. या टिपा गिटच्या वेगळ्याच कोपऱ्यात राहतात. कंपनीच्या सर्व्हरवर मुद्दाम पाठवाव्या लागतात, मुद्दाम मागवाव्या लागतात. मागवायची सोय ताईंनीच माझ्या संगणकावर करून दिली होती. त्यामुळे वाचणारा बहुधा मी एकटाच होतो. माझं खरं शिक्षण त्या टिपांवर झालं.

मग या सगळ्या कमिटच्या इतिहासाची साफसफाई माझ्याकडे आली. कुणीतरी पूर्वी घातलेल्या अवजड व्हिडिओ फायली मुळापासून काढायच्या, म्हणजे सगळा इतिहास नव्यानं लिहायचा. मी जुन्याची एक प्रत बाजूला ठेवली आणि काम पार पाडलं. शेवटी सर्व्हरवर एक अनोळखी नाव उरलं. ब्रँच किंवा टॅग, या गिटमधल्या नेहमीच्या प्रकारांतलं ते नव्हतं. ताईंना विचारावं का? पण सगळे पाठ थोपटत होते — आता काय विचारायचं? कचरा असेल म्हणून मी ते उडवलं. सगळ्यांना कळवलं, जुनी प्रत पुसा, नवी घ्या. ताईंनीही पुसली.

त्या टिपा होत्या.

मला ते दुसऱ्याच दिवशी कळलं. माझ्याकडची प्रत शाबूत होती. कुठल्या जुन्या नावाचं कुठलं नवं झालं, हेही साधनानं लिहून दिलं होतं. टिपा पुन्हा जोडणं अवघड नव्हतं. पण मग चूक माझी, हे बोलावं लागलं असतं. सांगू सावकाश, म्हटलं.

तोवर बैठक झाली. बाळांच्या मात्रेचा एक विचित्र नियम काढून टाकायचा विषय निघाला. ताई म्हणाल्या, कारण टिपेत आहे. उघडून पाहिलं — काहीच नाही. मॅनेजर म्हणाला, "ताई, रोज बदाम खात जा!" सगळे हसले. ताईही हसल्या. मग माझ्याकडे वळल्या. "अरे किरण, साफसफाई केलीस तेव्हा सर्व्हरवर होत्या ना रे माझ्या टिपा?"

मी म्हणालो, "नाही ताई. पाठवायच्या राहिल्या असतील तुमच्याकडून."

"इतकी वर्षं?" एवढंच त्या म्हणाल्या.

आता जे सांगतोय ते सांगणं जास्त जड आहे. डोंबिवलीला घरी त्यांची आई होती — स्मृतिभ्रंशानं लेकीलाही न ओळखणारी. मला हे माहीत होतं. तोंड उघडताना माहीत होतं.

नियम ताईंनी डॉक्टरांना पुन्हा फोन करून वाचवला. पण नंतर त्या अधूनमधून विचारू लागल्या, "हे मी मघाशी बोलले का रे?" मी मान हलवायचो. काही महिन्यांनी त्यांनी निवृत्तीच्या आधीच नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी म्हणाल्या, "आईचं माझ्यात उतरलंय बहुतेक. चुका व्हायच्या आत गेलेलं बरं." मी त्यांच्या पाया पडलो. पडताना काय वाटलं? भीती. त्यांना कळेल, याची.

गेल्या महिन्यात ती जुनी प्रत उघडली. एकेक टीप तिच्या कमिटच्या नव्या नावाला जोडत गेलो. बाळांच्या नियमाची टीप होती — 'हे वेडगळ वाटेल. काढू नका.' खाली पूर्ण कारण. एवढा विचार एका माणसानं केला, नीट लिहिला, आणि वाचायला कुणी येईल का याची पर्वाही केली नाही. मी देवळात बसावं तसा बसलो होतो. पुढे एका टिपेत लिहिलं होतं — 'ही चूक किरणनं शोधली. श्रेय त्याचं.' मला त्याची आठवणही नव्हती.

टिपा सर्व्हरवर चढवल्या. ऑफिसात सगळ्यांसमोर सांगितलं. मग ताईंना पत्र लिहिलं. ते असं —

ताई,

टिपा तुम्ही पाठवल्या होत्या. सगळ्या. त्या मी उडवल्या, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा सर्वांदेखत खोटं बोललो. माझ्याकडे प्रत होती, ती लपवली. तुम्ही स्वतःवर शंका घेत होता ते मी रोज पाहत होतो आणि गप्प होतो. आता टिपा जागेवर आहेत.

तुम्ही काहीही विसरला नव्हतात.

किरण