चालू राहिलेलं इंजिन

लेंपी कांगस आमच्या रस्त्यापलीकडे राहते. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभा जन्म काढला, त्यामुळे गावातली निम्मी माणसं तिच्या हातचं खाऊन मोठी झालीत. तिचा नवरा ऊर्हो हिवाळाभर सरकारी गाडीवर रस्त्यांवरचं बर्फ सारायचा आणि वसंत आला की स्वतःच्या अंगणात कामाला लागायचा. आमच्याकडे सुपीरिअर सरोवरावरून वारा येतो. बर्फ वितळलं की कळतं, हिवाळ्यात झाडांची काय दशा झाली ते. मेपल आणि बर्चच्या फांद्यांनी अंगणं भरलेली असतात.

ऊर्होचा अंगणातला छोटा ट्रॅक्टर म्हणजे त्याचा जीव. त्याला जोडायच्या वस्तू तो वर्षाला एक अशा आणायचा. कधी मागची ट्रॉली, कधी काटक्या ओढायचं रुंद दाताळं, कधी ओंडके फरपटत न्यायचा लोखंडी चिमटा. नवीन काही आलं की लेंपी मला कुंपणावरून सांगायची, "माझ्या सवतीला दागिना आला बघ." ऊर्हो ऐकून न ऐकल्यासारखा करून खिट्टी ठोकत बसायचा.

तो गेला त्या दिवशी एप्रिल सरत आला होता. बर्फ फक्त सॉनाच्या, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, मागच्या सावलीत उरलं होतं. जेवण करून तो बाहेर पडला आणि लेंपी वेलदोड्याच्या पावाची कणीक मळायला बसली. ट्रॅक्टर ओझं ओढत होता तोवर इंजिन घुमत होतं. मग आवाज मंद झाला आणि तसाच चालू राहिला. तिला वाटलं, साखळी बांधत असेल, नाहीतर शेजारणीशी, म्हणजे माझ्याशी, गप्पा मारत असेल. तिने पाव भट्टीत घातले, भाजून काढले, कॉफी ठेवली. खिडकीबाहेर इंजिन आपलं चालूच. शेवटी पेट्रोल संपलं, इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. तेव्हा तिने दारातून हाक मारली, "ऊर्हो, कॉफी झालीय." मग ती तशीच अंगणात गेली.

हिवाळ्यात मोडून वर अडकून राहिलेली मेपलची फांदी त्याच्या डोक्यावर पडली होती. डॉक्टर म्हणाले, त्याला काही कळलंसुद्धा नसेल. मी तेच तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिले. ती एकदाच बोलली, "त्याला नसेल कळलं. पण मी त्या आवाजाच्या भरवशावर निवांत बसले होते ना. इंजिन चालू आहे म्हणजे माणूस आहे, असं समजून."

ट्रॅक्टर शेडमध्ये ढकलून ठेवला. थंडीने खराब होऊ नये म्हणून बॅटरी काढून मी आमच्या तळघरात नेली.

पुढच्या वसंतात एका दुपारी ती माझ्या दारात आली. हातांना पीठ तसंच होतं. "आमच्या शेडमध्ये ट्रॅक्टर कोणी चालू केलाय?"

मी गेले. शेडला कुलूप होतं. ते उघडलं तर आत इंजिन गार, सीटवर कोळिष्टकं. "इथे काही नाही गं," मी म्हटलं.

"आता नाही. तू कुलपाला हात लावलास तेव्हा बंद झालं."

त्यानंतर बर्फ वितळायच्या दिवसांत, दुपार झाली की तिला ते ऐकू यायचं. ओझं ओढतानाचं घुमणं नाही, नुसता तो मंद आवाज. तिने पाव करणं सोडलं. अंगणातल्या फांद्यांना कुणाला हात लावू दिला नाही. सॉनाकडची वाट बुजली, तेव्हा शनिवारी ती आंघोळीला आमच्या सॉनात यायला लागली. ऊर्होची बहीण इर्या, तोंडाने फटकळ, पण भावजयीवर जीव टाकणारी. ती म्हणाली, "माझी पोरं येतील, एका दिवसात साफ करून देतील. एवढं काय अडलंय तुझं?"

"इंजिन लावतील ना ती?"

"नाही, दातांनी ओढतील फांद्या. लावतीलच की."

"मग नको. खरं इंजिन लागलं तर मला खरं कुठलं आणि खोटं कुठलं कळायचं नाही."

इर्याने माझ्याकडे पाहिलं. मी कॉफी ढवळत राहिले.

त्या हिवाळ्यात पडताक्षणी गोठणारा पाऊस पडला. झाडं काचेसारखी झाली आणि बंदुकीचे बार व्हावेत तशा फांद्या मोडू लागल्या. वसंतात लेंपीचं अंगण पाहवत नव्हतं. इर्याला ते सहन झालं नाही. एके दुपारी लेंपीला न सांगताच ती मागच्या बाजूने आत आली आणि फांद्या हाताने ओढायला लागली. सत्तरी उलटलेली बाई, एक खुबा बदललेला. एक फांदी ओढली तशी तिच्यावर रेललेली मेपलची जाड फांदी घसरली आणि इर्याचा पाय चिखलात दाबून बसली.

लेंपी तेव्हा स्वयंपाकघरात होती. तिला इंजिन ऐकू येत होतं. त्या दिवशी ते फार जवळ होतं, असं ती म्हणते, भिंतीला लागून असावं इतकं. कानांवर हात दाबून ती टेबलाशी बसून राहिली. मग ते एकाएकी थांबलं. तिला बाहेर जायचं नव्हतं. पण त्या शांततेत बसणं तिला जमेना. ती उठून दार उघडून गेली, तर सॉनाजवळ इर्या पडलेली, ओठ निळे पडलेले.

"मेले होते मी हाका मारून मारून," इर्या म्हणाली. तिचा घसा बसला होता. "बहिरी झालीस का?"

"मला इंजिनशिवाय काही ऐकू आलं नाही," लेंपी म्हणाली.

ती धावत माझ्याकडे आली. मी रुग्णवाहिकेला फोन केला, पण ती शहरातून येणार, आणि इर्या बर्फगार चिखलात पडलेली. फांदी दोघींनी मिळून हलेना. मी तळघरातून बॅटरी आणली, आमच्या डब्यातलं पेट्रोल ओतलं. बरीच खटपट झाली, मग काळा धूर ओकत ट्रॅक्टर सुरू झाला. लेंपी दचकून मागे सरली. इर्याचा पाय मला धरायचा होता, तेव्हा चालवायला दुसरं कोणी नव्हतंच.

"बस त्याच्यावर," इर्या खेकसली. "माझ्या भावाने तुला एवढं तरी शिकवलं असेल."

"हातसुद्धा लावू दिला नाही कधी," लेंपी म्हणाली आणि वर चढली.

मी चिमटा फांदीला अडकवला, साखळी मागच्या हुकात घातली. लेंपीने गिअर टाकला. चाकं चिखलात फिरली, मग त्यांनी पकड घेतली, आणि फांदी हळूहळू बाजूला सरकली. इर्या माझं मनगट आवळून होती.

इर्याला घेऊन रुग्णवाहिका गेली. घोटा मोडला होता, बाकी निभावलं. अंगणात इंजिन चालूच होतं. मी किल्लीकडे हात नेला.

"राहू दे," लेंपी म्हणाली. "मी बंद करीन. माझ्या हाताने."

ते तिने लगेच केलं नाही. चिमट्याने मोठ्या फांद्या एकेक करून मागच्या मोकळ्या जागेत ओढून नेल्या. मग दाताळं जोडलं. खिट्टी बसेना तेव्हा ऊर्हो घालायचा तशीच शिवी घातली. अंधारून येईपर्यंत सॉनाची वाट मोकळी झाली होती. मग तिने किल्ली फिरवली आणि सीटवर तशीच ताठ बसून राहिली. काय ऐकत होती ते मी विचारलं नाही.

आता इर्या तिच्याकडेच राहते. दोघी दिवसभर भांडतात आणि दर शनिवारी सॉना तापवतात. तापल्या दगडांवर पाणी ओतून काढलेली शेवटची वाफ आत सोडून दोघी बाहेर येतात, गेलेल्यांपैकी ज्यांना हवी त्यांच्यासाठी; जुनी रीतच आहे ती. अंगण दर वसंतात लेंपीच साफ करते. इर्याने विचारलं, आता तरी ते ऐकू यायचं थांबलं का, तर लेंपी म्हणाली, "नाही. मी अंगणाच्या या बाजूला असते तेव्हा ते त्या बाजूला असतं. काम वाटून घेतल्यासारखं."

गेल्या वसंतात मी पाव घेऊन गेले, तेव्हा तिचं काम संपत आलं होतं. तिने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. पण सॉनाच्या मागून एक मंद आवाज येत राहिला. हवा पडलेली होती, आसपासच्या कुणाच्या अंगणात माणूस दिसत नव्हतं.

"पलीकडच्या कुणाचा तरी असेल," मी म्हटलं.

"असेल," लेंपी म्हणाली.

तो थांबेपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो. थांबल्याबरोबर ती खाली उतरली आणि सॉनाच्या मागे बघायला गेली. मी गेले नाही. परतली तेव्हा तिच्या हातात बर्चची एक वाळकी काटकी होती. तिने ती ट्रॉलीत टाकली आणि पाव गरम आहेत का, असं विचारलं.