डुगल्डचा रोजचा पाऊस

पोर्ट आर्डनमध्ये राहून पावसाचे फोटो काढायचे म्हणजे मासळीबाजारात जाऊन वासाची चौकशी करायची. पण माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा डुगल्ड मॅकफेल यंदाच्या हिवाळ्यात रोज तेच करत होता. हौस म्हणून नव्हे हं. निदान सुरुवातीला तरी नव्हे.

डुगल्डचा जन्म फेरीबोटीवर दोर फेकण्यात गेला. बोलण्याचं काम दोर करायचा, हा गप्प. कुणी विचारलं, "कसा आहेस?" की, "तक्रार नाही." एकदा थंडीत धक्क्यावरून पाण्यात पडला होता मेला. निळाजांभळा होऊन वर आला, दात वाजतायत, आणि कप्तानाने विचारलं तर म्हणतो, "तक्रार नाही." आमच्याकडचे सगळे पुरुष असेच, पण याने कळसच केला.

माझी बहीण पेगी गेली आणि तो समुद्रकाठच्या घरात एकटा राहिला. पुढच्याच शरदात धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर घसरला. मी बेकरी उघडायला निघाले होते, म्हणून दिसला तरी. झालं, त्याची मुलगी शोना ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून विमानाने धावत आली. आमच्याही देशात एक पर्थ आहे, दोन-तीन तासांवर. पण आमच्या पोरीला लांबचंच सापडलं. आली ती कमरेला पदर खोचल्यासारखी.

"बाबा, बस झालं. माझ्याकडे चल. ऊन आहे, बाग आहे, तुला वेगळी खोली आहे."

"मला खोली आहे," डुगल्ड म्हणाला.

"आणि पुन्हा पडलास तर?"

"उठेन."

शेवटी तह झाला, तो माझ्याच काउंटरवर. शोनाने त्याला गावातल्या आपल्या मैत्रिणीचा जुना कॅमेरा दिला. रोज घराबाहेर पडायचं, त्या दिवसाचा एक नवा फोटो काढायचा आणि तिला पाठवायचा. फोटो आला म्हणजे बाबा उभा आहे, चालता आहे. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी त्याचं तिकीट काढायचं, आणि मग एक अक्षर बोलायचं नाही. डुगल्डने शब्द दिला. हा माणूस बोलतो थोडं, पण बोललेलं मोडत नाही.

गावात फोनला रेंज मिळते ती फक्त माझ्या बेकरीत, खिडकीजवळच्या कोपऱ्यात. त्यामुळे स्वारी रोज फोटो काढून निथळत माझ्याकडे यायची, कॅमेऱ्यातला फोटो फोनवर घ्यायची आणि पर्थला धाडायची. मी रोज तिच्या मागून फरशी पुसायची. म्हणून सांगते, त्या फोटोंची पहिली बघणारी मी, एफी, पर्थची पोर नंतर.

पहिले फोटो काय सांगू! एकात अंगठा. एकात समुद्र असा कललेला की सगळं पाणी शेजारच्या ओबन शहरात वाहून जाईल. एकात नुसता करडा रंग.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"बेट."

"कुठंय?"

"आहे तिथंच आहे. दिसत नाही."

आमच्या बसचा ड्रायव्हर लॅकी रोज सॉसेज रोल घ्यायला थांबतो. त्याला तर खेळच मिळाला. "डुगल्ड, हा कालचाच ढग ना रे? ओळखीचा वाटतोय. कानामागे तीळ आहे बघ त्याला."

डुगल्ड रागावला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. पाणी आत जाऊ नये म्हणून माझ्याच बेकरीची पावाची पिशवी कॅमेऱ्याला घातली, पुढे काचेपुरतं भोक पाडलं. छत्री आमच्याकडे कुणी वापरत नाही, वारा ती हातात ठेवत नाही. नऊ वाजेपर्यंत उजाडत नाही, साडेतीनला दिवे लागतात, आणि मधला जो काही दिवस असतो तो ओल्या पोत्यासारखा. त्यात हा धक्क्यावर उभा. वाट बघत. कसली, ते त्यालाच माहीत.

आणि बाई, नाताळच्या आधीच केव्हातरी ते फोटो बदलले. आपल्याला काही कळत नाही त्यातलं, पण हात थांबायला लागला माझा. एकात बोटीची वाट बघणाऱ्या बायकांच्या नुसत्या पाठी, आणि पाठीवरूनच कोण कोणाशी बोलत नाही ते कळायचं. एकात लॅकीच्या बसची वाफ धरलेली काच, आत कुणीतरी बोटाने पुसून केलेलं एवढंसं भोक आणि त्यात एक डोळा. एकदा त्याने आपल्या परसातली कपड्यांची दोरी काढली. पेगीची दोरी. कपडे नाहीत, नुसते चिमटे, आणि प्रत्येक चिमट्याखाली एकेक थेंब. मी खिम्यासाठी कांदे चिरत होते, ते एक बरं झालं.

"वाईट नाही," मी म्हणाले. आमच्याकडे कौतुक याच्यापुढे जात नाही. गेलं तर माणसाला वाटतं आपल्याला काहीतरी आजार झालाय आणि लोक लपवतायत.

पण मला काळजी पडली. "अरे शहाण्या," मी म्हटलं, "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतोयस. ती पोर तिकडे बसून बघणार काय? पाऊस. उद्या काय? पाऊस. म्हणणार, असल्या ठिकाणी कुत्रंसुद्धा ठेवू नये. जितका चांगला पाऊस काढशील तितकं तुझं तिकीट जवळ येणार. काढ की एखादा बरा दिवस!"

"हाच बरा आहे," तो म्हणाला आणि बाहेर गेला. मी कपाळाला हात लावला.

घात केला तो नववर्षाने. वर्ष पालटलं की उंबऱ्यातून पहिलं पाऊल उंच, काळ्या केसांच्या पुरुषाचं पडावं लागतं, हातात कोळसा घेऊन. मग घराला वर्ष चांगलं जातं. आमच्या आळीत काळ्या केसांचा उंच माणूस म्हणजे डुगल्ड, तरुणपणापासून. आता त्याचं डोकं कापसासारखं पांढरं झालंय, पण आळीने दुसरा नेमलाच नाही. हा काळी टोपी घालतो आणि आम्ही सगळे टोपीला केस समजतो. यंदा आकाश फाटलं होतं. तरी गेला घरोघर. प्रत्येक घरी व्हिस्कीचा एक घोट, मग पुन्हा बाहेर. माझ्या घरी आला तेव्हा कोळशातूनही पाणी गळत होतं. मी त्याला थांब म्हणायला हवं होतं. पण माझं घर झालं होतं ना, मग मी कशाला म्हणते?

चार-पाच दिवसांनी छाती भरली. ताप चढला. तशातही एक-दोन दिवस कोट चढवून धक्क्यावर गेला. मग एका सकाळी उठवेचना. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, अंथरुणातून हलायचं नाही. दुपार झाली. खिडकीबाहेरचा उजेड चालला होता आणि तो खिडकीकडे बघत होता. माझ्या जन्मात मी त्या माणसाला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

"एफी," तो म्हणाला, "मी गेलो इथून तर पेगीपासून लांब पडेन गं."

एवढं लांबलचक वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मग मला काय राहवतं! कॅमेरा आणि त्याचा फोन उचलला, बेकरी गाठली. फरशी ओली, गिऱ्हाईक ताटकळलेलं, हाताला पीठ. कॅमेऱ्यात वसंतातले काही फोटो होते, शोनाच्या त्या मैत्रिणीने आधी काढलेले. धक्का, निळं पाणी, दगडांवर सोन्यासारखं ऊन. मला वाटलं, पाठवायचाच तर जरा देखणा पाठवू. पोरीला एकदा तरी कळू दे की आम्ही अगदीच बुडालेलो नाही. दिला पाठवून. वर स्वतःवरच खूश होऊन एक सॉसेज रोल खाल्ला.

रोल संपायच्या आत माझा फोन वाजला. तिकडे अपरात्र असणार.

"मावशी, बाबाला काय झालंय?"

"काही नाही गं! मस्त आहे. फोटो बघितला नाहीस?"

"बघितला. धक्क्यावर ऊन आहे. जानेवारीत."

मी जीभ चावली. आमच्या गावाच्या दक्षिणेला डोंगर. नोव्हेंबर सरत आला की सूर्य त्याच्या मागच्या मागेच सटकतो. जानेवारी संपेपर्यंत धक्क्यावर उन्हाची तिरीपसुद्धा नाही. शाळेतल्या पोरांना हे ठाऊक. मी सगळं आयुष्य त्या सावलीत काढलं आणि नेमकं तेच विसरले. नसलेल्या गोष्टीकडे कोण बघतं?

शोना दोन दिवसांत दारात. पातळ बूट, तांबूस झालेलं नाक, आणि चेहरा असा की मी चहा ठेवायला आत पळाले. डुगल्ड खुर्चीत, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. तिला काही बोलूच दिलं नाही त्याने.

"तिकीट काढ," तो म्हणाला. "शब्द मोडला. एफीचा दोष नाही."

माझाच दोष होता, पण मी आपली चहा ढवळत राहिले.

शोना ओल्या कोटासकट खाली बसली. मग तिने फोन काढून आम्हाला दाखवला. सगळे फोटो होते, पहिल्या अंगठ्यापासून.

"मला वाटलं होतं, रोज हा पाऊस बघून माझं मन घट्ट होईल," ती म्हणाली. "तुला उचलून न्यायला. झालं उलटंच. तिकडे चाळीसच्या वर पारा, मी गाडी सावलीत लावून हे बघत बसायची. कामावर उशिरा जायची. त्या दोरीचा फोटो बघून तर गेलेच नाही. बाबा, मीच येतेय परत. ओबनला दातांच्या दवाखान्यात नोकरीचं बोलून ठेवलंय. वरची खोली रिकामी आहे ना?"

डुगल्ड जो दचकला! त्याचं घर वाचलं होतं आणि त्याच क्षणी हातचं गेलं होतं.

"इथे?" तो म्हणाला. "इथे रोज पाऊस असतो."

"माहितीय. बघितलाय."

"अंधार असतो. घरात ओल आहे. बस वेळेवर येत नाही. माणसं कुचकट आहेत." माझ्याकडे हात केला त्याने, मेल्याने. "तिकडे ऊन आहे, बाग आहे..."

मी इतकी हसले की कप हातातून सुटला.

शोना राहिली. सामान मागाहून आलं. तिने कपाटं लावली, तळण बंद केलं, त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी बसवली. सगळं त्याच्या भल्याचं. आणि डुगल्डने फोटो बंद केले.

तब्येत सुधारली होती, डॉक्टरांनी फिरायला सांगितलं होतं. पण तो खुर्ची सोडेना. मी घरी जाऊन ओरडले. "काय रे, कॅमेरा काय लोणच्यात घातलास?"

"पाठवायचा कुणाला?" तो म्हणाला. "ती घरातच आहे."

पोर जवळ आली आणि माणसाचं बाहेर पडायचं कारणच गेलं. रोज थोडा थोडा आत जात होता तो, खुर्चीच्या. मला पेगीचे शेवटचे दिवस आठवले, आणि मी घरी येऊन विनाकारण भांडी घासली.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी माझ्या फोनवर शोनाचा निरोप आला. "मावशी, आज बेट दिसतंय का? मला इथे येऊन इतके दिवस झाले, पण सकाळी लॅकीची बस अंधारात निघते, परत येते ती अंधारात. दवाखान्यात खिडकी नाही. रविवारी धुकं होतं. मी याच्यासाठी जग ओलांडून आले आणि मला धक्का दिसलेलाच नाही. बाबाला सांगू नकोस, उगाच जिवाला लावून घेईल."

सांगू नकोस म्हणे! मी बेकरीला कुलूप घातलं, गिऱ्हाईक बाहेर उभं असताना, आणि फोन नेऊन डुगल्डच्या नाकासमोर धरला. त्याने दोनदा वाचलं. लोकरीची टोपी काढून खुर्चीवर ठेवली, आपली जुनी घातली आणि निघाला. पाऊस आडवा लागत होता. मी बेकरीत परत येऊन काचेतून बघत होते. बऱ्याच वेळाने आला, फरशीभर पाणी केलं, फोटो पाठवला आणि मला न दाखवताच गेला.

संध्याकाळी बस आली तेव्हा डुगल्ड थांब्यावर उभा होता. मी शटर ओढत होते. शोना उतरली. समोर मिट्ट काळोख, पाण्याचा नुसता आवाज.

"आज भरती पार तिसऱ्या पायरीपर्यंत चढली होती ना?" ती म्हणाली.

"तुला काय ठाऊक? तू होतीस कुठे?" डुगल्ड म्हणाला, आणि तिच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.