‘छान’ म्हणायची सोय नाही

माझ्या थोरल्या चुलतभावाइतका रागीट माणूस अख्ख्या संभाजीनगरात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्या दोघांची गाठ पडू नये. आमचा दादा उन्हावर रागावतो, ढग आले की ढगांवर रागावतो, आणि कुणी ‘शांत हो’ म्हटलं की मग खरा रागावतो. ओरडण्याआधी तो चष्मा काढून पुसतो. त्यानं चष्म्याला हात लावला की घरातलं मांजरसुद्धा उठून गच्चीवर जातं. वाळूजच्या एका कारखान्यात जन्मभर तो रंगकामाच्या खात्यात होता. रंग जाड झाला म्हणून, पातळ झाला म्हणून रोज कुणावर तरी तापायचा. निवृत्त झाल्यावर एवढा राग ठेवायचा कुठं, हा प्रश्न बार्बेक्यू सॉसनं सोडवला.

झालं असं, की तीन वर्षांपूर्वी त्याच्या नातवाच्या वाढदिवसाला आम्ही सगळे निखाऱ्यावर भाजलेलं मिळतं अशा हॉटेलात गेलो. कोंबडीच्या तुकड्यांवर काळपट, चकचकीत सॉस होता. दादानं बोट बुडवून चाटलं, चष्मा पुसला आणि वेटरला विचारलं, “ह्यात धूर कुठंय? नुसती साखर अन् रंग हाय की!”

“सर, धूर बाटलीतूनच येतो,” वेटर बिचारा खरं बोलला.

दुसऱ्याच दिवसापासून दादाच्या घरी टोमॅटो, गूळ, चिंच, मोहरी आणि लसूण यांचं रटरट शिजणं सुरू झालं. सॉस हवा तेवढा जाड झाला का, हे बघायला तो पळीतून धार सोडून घड्याळाकडं बघायचा, कारखान्यात रंगाची धार बघायचा तसा. शेवटी पातेल्यात वाटी ठेवून, वाटीत रसरशीत कोळसा आणि त्यावर तेलाचे थेंब. धूर उठला की झाकण! वहिनींच्या साड्यांना वर्षभर तोच वास. मिरचीसाठी शहागंजात एका दुकानदाराशी त्यानं असा वाद घातला, की तो हात जोडून म्हणाला, “चचा, मिरची लेव, पैसे बी नक्को, पन जाव!”

सॉस झाला की वाटी घेऊन स्वारी माझ्या दारात. मी दोन गल्ल्या पलीकडं राहते, त्यामुळं सुटका नाही. मी चाटून म्हणायची, “छान!”

“छान म्हंजे काय? छान तर लग्नात नवरीला म्हणतेत! आंबट हाय का? धूर लागतो का? नीट सांग!”

“सगळंच छान आहे, दादा.”

मग तो तणतणत निघून जायचा. खरं तर अलीकडं सॉस कधी कच्चा लागे, कधी भलताच आंबट. पण मोहोळाला दगड कोण मारणार? याला कौतुकाची हाव सुटली आहे, असंच मी धरून चालले होते.

गेल्या हिवाळ्यात त्यानं कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांना रविवारी जेवायला बोलावलं. शनिवारी सकाळी मला चव बघायला हाक आली. भलंमोठं पातेलं. मी बोट चाटलं आणि घसा कडू झाला. उद्या ही माणसं तोंडावर ‘छान’ म्हणतील आणि वाटेत हसतील, हे डोळ्यांपुढं आलं आणि माझंही डोकं फिरलं. शेवटी रक्त एकच.

“कडू जहर झालंय, दादा! गूळ करपलाय! घरभर वास सुटलाय अन् तुला कळंना व्हय?”

दादानं चष्म्याला हात लावला नाही. वहिनी दारातून हळूच म्हणाल्या, “त्यांना नाय कळत, ताई. दीड वर्षाखाली ताप आल्ता ना, तव्हापासून वासच येत नाय. जिभेला आंबट-तिखटाचा नुसता भास व्हतो. कुणाला सांगायचं नाय, अशी शपथ घातली मला.”

मला माझाच असा संताप आला! हा माणूस दीड वर्ष वाटी घेऊन माझी जीभ मागत होता आणि मी त्याच्या हातावर ‘छान’ ठेवून दार लावत होते.

“अरे, मग सांगायचं नाही?” मी त्याच्यावरच खेकसले.

“काय सांगू?” तो म्हणाला. “धूर-धूर करत गावभर भांडलो अन् मलाच धूर लागंना, हे सांगू?”

सगळं ओतून दिलं. नवे टोमॅटो आणले. गूळ मी हलवला. तो मागं उभा राहून माझ्या हलवण्यावर ओरडत होता आणि मी उलट ओरडत होते. रविवारी पाहुण्यांनी ताटं चाटूनपुसून खाल्ली. एकानं ‘जरा तिखट झालंय’ म्हटलं, तर दादा त्याच्याशी फाटकापर्यंत भांडत गेला. मला फार बरं वाटलं.

पण मनात राहिला तो शनिवारच. वाटीत कोळसा ठेवला, तेल सोडलं, धूर उठला. दादानं विचारलं, “आला?”

“आला.”

“कसाय?”

मी झाकणाच्या फटीतून वास घेतला. मग म्हणाले, “लहानपणी आपल्या वैजापूरच्या रानात काकू कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायची, बघ. वांग्याचं साल सोलताना बोटांना वास यायचा ना, तसा. गोडसर. जरासा डोळ्यांत जाणारा.”

दादा झाकणावर वाकून, डोळे मिटून उभा होता.

“अजून सांग,” तो म्हणाला.