स्क्रूची तार

आईला जाऊन सहा दिवस झाले होते आणि बाबा जीपखाली आडवे पडले होते. वर दुसऱ्या मजल्यावर महाराष्ट्र मंडळातल्या काकू पिठलं-भाताचा डबा घेऊन बसल्या होत्या, आणि ज्यांना भेटायला त्या आल्या ते गृहस्थ खाली, आर. के. पुरमच्या आमच्या गल्लीत, पोत्यावर. काकूंचा दोनदा फोन आला, "अगं, बाबांना वर पाठव ना." मी म्हटलं, पाठवते. पाठवणार नव्हते. भेटायला येणारा प्रत्येक जण माझ्या डोळ्यांत पाणी शोधायचा आणि मी आपली कोरडी ठणठणीत, त्यामुळे मलाही खालीच बरं होतं. बरं म्हणजे काय, काहीच वाटत नव्हतं. दात काढण्याआधी इंजेक्शन देतात ना, तसं सगळं अंग झालं होतं.

दहाव्याच्या आत अस्थी घेऊन गढमुक्तेश्वरला, गंगेवर जायचं होतं. मी टॅक्सी करू म्हटलं. बाबा म्हणाले, "टॅक्सी नाही. याच गाडीतून न्यायचं." सहा दिवसांत ते बोललेलं सगळ्यांत लांब वाक्य ते.

याच गाडीतून! सहा दिवसांपूर्वी सकाळी आईला श्वास घेता येईना. आम्ही दोघांनी तिला खुर्चीसकट खाली आणलं, जीपच्या मागच्या सीटवर बसवलं. बाबांनी इंजिन सुरू केलं, गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन बोंबलतंय आणि जीप ढिम्म. दुसरा गिअर टाकला, रिव्हर्स टाकला, शेजारच्या लिव्हरला हिसके दिले. काही नाही. अँब्युलन्स यायला पाऊण तास लागला. हॉस्पिटलातला डॉक्टर म्हणाला, "थोड़ा पहले ले आते तो..." आणि दुसऱ्या पेशंटकडे वळला. त्या अर्ध्या वाक्याचा राग माझा अजून गेलेला नाही. पुरं तरी करायचं होतं, मेल्या.

जीप का हलली नाही, हे बाबांना तेव्हाच कळलं असणार. चारही चाकांनी चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक लोखंडी डबा असतो, ट्रान्सफर केस. इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना तो वाटून देतो. लिव्हर हलवला की आत एक शाफ्ट सरकतो, त्यावर बसवलेला काटा सरकतो, काटा गिअरला ढकलतो. काटा शाफ्टला एका स्क्रूनं धरलेला असतो. तो स्क्रू निघाला की शाफ्ट नुसता मागे-पुढे होतो, काटा गिअरसकट मधेच सुटा पडतो, आणि गाडी कायमची न्यूट्रलमध्ये. म्हणून त्या स्क्रूच्या डोक्यातल्या भोकातून बारीक तार ओवतात आणि पीळ देऊन बांधतात. गाडी कितीही थरथरली तरी स्क्रू फिरत नाही.

बाबांची अख्खी नोकरी मानेसरला गिअरच्या कारखान्यात गेली. तिथली शिस्त अशी, की काम करणाऱ्यानं केलेलं मोठ्यानं बोलायचं आणि दुसऱ्यानं डोळ्यांनी बघून 'ओके' म्हणायचं. न बघता ओके म्हणणाऱ्याला बाबा लाइनवरून घरी पाठवत. ही शिस्त त्यांनी घरातही आणली. गावाला निघताना, "गॅस बंद." "ओके." "मागचं दार." "ओके." आई जाम वैतागायची. "चला हो आता, गाडी सुटेल, मग तिलाही ओके म्हणा!"

तीन महिन्यांपूर्वी, एका रविवारी, बाबांनी काटा झिजला म्हणून बदलला होता. ओके म्हणायला मी. आणि संसदेतल्या प्रश्नाचं आमच्या मंत्रालयाचं उत्तर सोमवारी जायचं होतं, म्हणून ऑफिसातल्या माझ्या सेक्शनमधून फोनवर फोन. कानाला फोन लावूनच मी ओके, ओके म्हणत होते. तार बघितली होती का? सहा दिवस मी हेच आठवत होते आणि आठवत नव्हतं. तार असेल आणि ती तुटली असेल, तर आमचं नशीब. तार नसेलच, तर आईला मी घालवलं. झाकण उघडल्यावर कळणार होतं.

बाबांनी तेल काढलं. तळाच्या झाकणाचे बोल्ट एकेक करून माझ्या हातात दिले. झाकण खाली आलं. त्यातल्या काळ्या तेलात स्क्रू पडलेला होता, अगदी धड. बाबांनी तेलात बोट फिरवलं. मग जुना बनियन घेऊन सगळं तेल त्यातून गाळलं, सावकाश, दोनदा. तारेचा एवढासासुद्धा तुकडा निघाला नाही. तार बांधायची होती त्या जागी टॉर्च धरून मी बघितलं. तिथंही नाही.

तळमजल्यावरच्या बिहारच्या अंकलनी विचारलं, "मैकेनिक बुला दें, भाईसाब?" बाबांनी नकारार्थी मान हलवली. शाफ्ट मागे ठोकून जागेवर आणला. त्यावरचा खळगा काट्याच्या भोकासमोर येईपर्यंत फिरवला.

"स्क्रू घट्ट," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर आडवी झाले, पाना लावून बघितला. "ओके."

"तार ओवली."

"ओके."

"पीळ दिला."

मी तारेला बोट लावलं. ओके काही तोंडातून निघेना.

"बाबा, त्या रविवारी मी बघितलंच नव्हतं. नुसतं ओके म्हटलं."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"फोनवर होतीस. आणि मीही पाठ म्हटल्यासारखं बोलत गेलो. तार माझ्या खिशातच होती. वर जाऊन हात धुताना सापडली."

मी उठायला गेले ते डोकं आपटलं. "मग परत का नाही उघडलंत? लोकांना घरी पाठवायचात ना तुम्ही एवढ्यासाठी!"

"निघालो होतो खाली. तुला हाकही मारणार होतो." ते जीपच्या पोटाकडे बघत होते. "तुझी आई म्हणाली, राहू द्या हो. पोरीला आठवड्यात एक रविवार मिळतो, आत्ता कुठं टेकलीय. पुढच्या रविवारी करा."

"मग पुढच्या रविवारी?"

"विसरलो. तरी आज वाटत होतं, नंतर कधी बांधली असेन, म्हणून तेल गाळलं."

आम्ही दोघं तसेच पडून होतो. तेलाचा वास नाकात बसला होता. मला वाटलं होतं, काही निघालं तर ते माझ्या नाही तर त्यांच्या नावावर निघेल. तिचं नाव यात येईल, असं मनातही आलं नव्हतं.

झाकण बसवलं, नवं तेल भरलं. बाबा स्टिअरिंगवर बसले. इंजिन सुरू केलं, पहिला टाकला, क्लच सोडला आणि जीप पुढे गेली. काही आवाज नाही, हिसका नाही. इतकी सहज गेली की बाबांनी दचकून ब्रेक दाबला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मी दार उघडून शेजारी बसले तोवर माझाही बांध फुटला होता. इंजिन चालूच होतं. ते बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.