आईच्या कपाटाला जाळी

बाबा गेल्याची बातमी मला शेजारणीने दिली आणि ती खोटी निघाली. तो दिवस आठवला की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी इस्राएलमध्ये, पेताह तिक्वाच्या एका इस्पितळात एक्स-रे विभागात नावनोंदणीच्या टेबलाशी बसायचे. आईबाबा दूर दक्षिणेला ओफाकिममध्ये, हिंदुस्थानातून आल्यावर सरकारने दिलेल्या त्याच फ्लॅटमध्ये राहत होते. सकाळीच फोन आला. वरच्या मजल्यावरची मावशी, मूळची अलिबागकडची, हुंदके देत होती.

"बाय, धीर धर. तुमच्या घरातला आरसा झाकलाय गं. आई भुईवर बसलीय. विचारलं तर बोलतच नाय. बाबा कुठे दिसत नाहीत. मी अंडी उकडायला ठेवलीत, तू लवकर निघ."

आम्हा ज्यू लोकांत घरात माणूस गेलं की आरसे झाकतात, घरचे सात दिवस जमिनीवर बसतात आणि शेजारी उकडलेली अंडी आणून देतात. तेव्हा मावशीचं चुकलं असं कसं म्हणू? आई गेलं वर्षभर स्वतःचंच नाव विसरत होती, तिच्याकडून काही कळणं शक्य नव्हतं. मी घरी फोन लावला, तो वाजत राहिला. मग पर्स उचलली आणि बस पकडली.

बीर शेवापर्यंत मी रडले, तिथे बस बदलली आणि पुढेही रडले. सगळ्या वाटेवर बाबांचं चांगलं तेवढं आठवत होतं. कापडगिरणीतून घरी येताना खिशात माझ्यासाठी रंगीत बॉबिनं आणायचे ते, हिब्रूच्या गृहपाठाला माझ्याबरोबर बसून माझ्याआधी चुकायचे ते. मेलेल्या माणसाचे दोष कोण काढतं? मीही सगळे माफ करून टाकले.

इमारतीपाशी पोचले तर मिकलातच्या दारात, म्हणजे बॉम्बपासून लपायच्या तळघराच्या तोंडाशी, बाबा उभे. अंगात गंजी, कानामागे पेन्सिल, हातात करवत. समोर दोन स्टुलांवर आडवं ठेवलेलं आईच्या कपाटाचं दार.

"तू आज कशी काय?" ते म्हणाले. "हॉलिडे आहे?"

जिवंत बाप बघून आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण राग त्याच्याआधी पोचला. आणि राग आला तो मावशीवर नाही, त्या दारामुळे आला. दाराचा मधला भाग त्यांनी आरपार कापून काढला होता. नुसती चौकट उरली होती.

ते कपाट काय होतं ते सांगायला हवं. आईच्या वडिलांनी तिला लग्नात दिलेलं, अस्सल सागाचं, एका दाराला उभा आरसा. इस्राएलला निघायचं ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, विकून टाका, तिकडे सरकार फर्निचर देतं. बाबाही तेच म्हणाले. आई म्हणाली, "कपाट येत नसेल तर मीही येत नाही. तुम्ही जा आणि तिथे दुसरी करा." कपाट बोटीतून आलं. त्याची किल्ली आईच्या कमरेला असायची. त्यात तिच्या साड्या, लग्नातली पांढरी साडी खालच्या खणात वेगळी, नवसाचा मलिदा मांडायचं मोठं ताट आणि सगळीकडे डांबराच्या गोळ्या. आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. एकदा बाबांनी त्यात आपला स्वेटर ठेवला तर तिने तो जिन्यात फेकला होता. आमच्या अख्ख्या गल्लीत तिच्याएवढी तापट बाई दुसरी नव्हती आणि मला तिचा अभिमान वाटायचा.

मी धावत वर गेले. आई जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. सकाळपासून तेच तांदूळ. आरसा दारापासून काढून भिंतीला टेकवला होता आणि त्यावर चादर टाकलेली. आरशातल्या बाईशी ती रोज भांडायची, "ही कोण मेली माझ्या बांगड्या घालून बसलीय," म्हणून बाबांनी तो झाकला होता. एवढी साधी गोष्ट. ती मावशीला सांगायला कुणाला सुचलं नाही. मावशी अंड्यांचं पातेलं घेऊन दारात आली, मागून बाबा जिना चढून आले आणि ती त्यांना बघून किंचाळलीच. मग ओशाळून म्हणाली, "आता उकडलीच आहेत तर खा." बाबांनी स्वतःच्या सुतकाची दोन अंडी मीठ लावून खाल्ली.

मी त्यांना खातानाच धरलं. "कुणाला विचारून कापलंत?"

"पिंजरा करतोय," ते म्हणाले. "मोठा. दारांना जाळी ठोकायची. गिरणीतला एक जण मुनिया पाळतो, लाल चोचीच्या. त्या देणार आहे."

"आईच्या कपाटात पाखरं?"

"तू तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाक," ते एकदम उसळले. "ती रोज पॅकिंग करते, माहीत आहे तुला? कपाट उघडते, सगळ्या साड्यांचं गाठोडं बांधते, बोट सुटेल म्हणते आणि निघते. परवा भर उन्हात गावाबाहेर गव्हाच्या शेतात सापडली. पोलीस घेऊन आले. दार लॉक केलं तर दारावर डोकं आपटते. ती सोशल वर्कर मला सांगते, हिला बेत-आवोतमध्ये ठेवा. म्हाताऱ्यांच्या होममध्ये. ठेवू?"

"मग कपाट विकायचं होतं!"

"विकू?" ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू आई विकायची गोष्ट मी काढली होती. "तिचं कपाट विकू? तिला त्याच्यासमोर बसायची सवय आहे. रिकाम्या कपाटासमोर काय बघत बसणार ती?"

हे ऐकून मी विरघळले असेन असं कुणाला वाटेल. अजिबात नाही. सगळ्या अडचणी खऱ्या होत्या, पण त्यांवरचा उपाय म्हणून करवत चालली ती तिच्याच वस्तूवर. त्यांची लाकडी खुर्ची होती, रेडिओचं कपाट होतं. ते कापायला हात धजला नाही. बाई विसरायला लागली की तिचं काहीही कापायला घर मोकळं. मी हे सगळं ओरडून सांगितलं. वर हेही सांगितलं की तिला एकदा कळू द्या, तुमच्या त्या मुनियांच्या माना मुरगाळून हातात देईल.

"देऊ दे," बाबा म्हणाले. "त्याचीच वाट बघतोय. कितीतरी दिवसांत मला एक शिवी दिली नाही तिने."

ते पुन्हा खाली गेले. मी आईजवळ बसून तांदळातले नसलेले खडे शोधत राहिले.

पुढे मी दर आठवड्याला जायचे आणि प्रत्येक वेळी कपाटाचं नवं काहीतरी झालेलं दिसायचं. डांबराच्या वासाने पाखरं मरतात म्हणून बाबांनी आतलं लाकूड रंधून काढलं, व्हिनेगरने पुसलं, उघडं टाकून वारं खाऊ दिलं, पुन्हा पुसलं. आईचा वास त्या घरातून जायला मुंबईहून येण्यापेक्षा जास्त मेहनत लागली. साड्यांची गाठोडी मिकलातमध्ये कुलपात गेली. हँगर अडकवायचा दांडा तसाच राहिला, पाखरांना बसायला. आणि खालचा खण, पांढऱ्या साडीचा, त्यात वर्तमानपत्र अंथरलं. विष्ठा पडायला. तो खण बघून मी बाबांशी दोन आठवडे बोलले नाही. आरादला राहणाऱ्या भावाचा फोन आला. हिब्रूत म्हणाला, सोडून दे, लाकूडच तर आहे. त्याच्याशीही बोलायचं सोडलं.

मुनिया आल्या. आणि माझी पंचाईत अशी झाली की उपाय लागू पडला. आई सकाळी उठली की कपाटासमोर खुर्चीत बसायची. बोट विसरली. गाठोडं विसरली. एखादी मुनिया दांड्यावरून उडून जाळीला लटकली की हसायची. पोलीस परत आले नाहीत, सोशल वर्कर आली तीसुद्धा बघून खूश होऊन गेली. मावशी सगळ्यांना सांगत सुटली की नवरा असावा तर असा. बाबांचं कौतुक ऐकताना मी दातओठ खायचे. मी मनात म्हणायचे, आई, एकदा तरी बघ. एकदा तरी त्या खणाकडे बघून फेक काहीतरी जिन्यात.

पुढच्या वर्षी, पेसाखच्या सणाआधीच्या साफसफाईत, मी तिची वेणी घालत होते. बाबा खण बाहेर ओढून कागद बदलत होते. आईने अचानक मान सोडवून घेतली, पुढे वाकली आणि चौकटीवरून हात फिरवला. जाळीच्या कडेने, बिजागरीपर्यंत, मग किल्लीच्या भोकापर्यंत. तिथे बोट थांबलं.

"साग आहे," ती म्हणाली. आवाज जुना होता, गल्लीभर ऐकू जाणारा. "कुणाचं गं हे कपाट?"

मी हातातला कंगवा खाली ठेवला.

"बापाने दिलं असणार लग्नात. असलं कोण विकत घेतं? आणि कुणा मेल्याने करवत लावली याला!" ती बाबांकडे वळली. तिने त्यांना ओळखलं होतं असं मला वाटत नाही. "तुम्ही इथे काम करता ना? तुम्हीच कापलंत?"

बाबा खण हातात धरून उभे होते. "हो," म्हणाले.

"त्या बाईला विचारलंत?"

"नाही."

"नाही!" आई कडाडली. "बिचारी कुठे बाहेर गेली असेल. परत येऊन बघेल तेव्हा तिला काय वाटेल, काही लाज?"

मी इतके महिने ज्या रागाची वाट बघत होते तो आला होता, अगदी तसाच, आणि तो दुसऱ्या कुणासाठी होता. बाबांनी खण जमिनीवर ठेवला. त्यांच्या हातांना कागदाची घाण लागली होती, ते त्यांनी गंजीला पुसले आणि तिच्यासमोर जोडले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "माफ कर."

आईने त्यांना हाताने बाजूला सारलं.

"मला काय सांगता?" ती म्हणाली. "ती आली की तिला सांगा."