यंत्रमानवाचा रहाट

ढोकीच्या शाळेत रुजू झाले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. पदवी वनस्पतीशास्त्राची होती. पण मुख्याध्यापकांच्या दृष्टीनं विज्ञान म्हणजे विज्ञान, त्यात पानं काय आणि विजेच्या मोटरी काय! बहात्तरचा मोठा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती, पण त्या साली पाऊस पुन्हा रुसला होता. शाळेच्या आडात बादली सोडली की खाली दगड वाजायचा.

अशात उस्मानाबादचं विज्ञान प्रदर्शन जाहीर झालं. मुख्याध्यापकांनी कुठल्याशा मासिकात यंत्रमानवाचं चित्र पाहिलं होतं. मला बोलावून म्हणाले, "बाई, आपल्या शाळेचा यंत्रमानव झाला पाहिजे. पाहुण्यांना हार घालणारा."

मी नववीतल्या दोन मुली निवडल्या. त्यातली एक फटकळ होती. तिचे वडील साखर कारखान्यात फिटर. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "हार कशाला बाई? पाणी शेंदायला लावू की त्याला. आमचे हात तरी वाचतील."

ते मला पटलं. तेलाच्या डब्याचा यंत्रमानव झाला. त्याच्यापुढं दोन लाकडी खांबांवर सायकलचा स्पोक आडवा ठेवून रहाट केला, त्याला दोरा बांधला आणि दोऱ्याला शाईच्या बाटलीच्या झाकणाची बादली. स्पोकचं टोक वाकवून मूठ केली आणि यंत्रमानवाचा पत्र्याचा हात तिच्यात अडकवला. सोलापूरहून मी खेळण्यातली एक मोटर आणली होती. आता मोटरीचा काडीएवढा दांडा स्पोकच्या दुसऱ्या टोकाला जोडायचा, एवढंच राहिलं होतं. त्या एवढ्याशा कामात आमचे तीन आठवडे गेले.

आधी लाख वितळवून जोडलं. चार फेऱ्यांत लाख तडकली. मग दोरा गुंडाळून डिंक लावला. मोटर फिरली, दोरा फिरला, स्पोक मात्र जागचा हलला नाही. शेवटी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून कथलाचा डाग मारून आणला. जोड पक्का झाला, पण सेल लावल्याबरोबर मोटर फळीवर थयथय नाचू लागली आणि हात लावला तर चटका बसे.

त्याच वेळी ते फिटर मुलीला न्यायला आले होते. खाकी शर्ट, हाताला ग्रीस. दारातच उभं राहून म्हणाले, "नमस्कार बाई. एक शंका हाय, इचारू का?"

"विचारा की," मी म्हणाले, वर्गात म्हणावं तशी.

"ही मोटर उड्या का मारायली?"

"विजेचा दाब जास्त होतोय," मी ठोकून दिलं.

त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "व्हय, तसंबी आसंल. पण बाई, मोटरीचा दांडा आन् ही तार एका रेषंत हायत का? मला आपलं नीट दिसंना, वय झालं."

त्यांचं वय चाळीसही नव्हतं. मी वाकून, एक डोळा मिटून पाहिलं. जोड चांगलाच वाकडा होता. मुलींकडं पाहायचं मी टाळलं.

"आमच्या पंपाला मोटर जोडत्यात," ते पुढं म्हणाले, "तवा कितीबी नीट बसवा, दोन शाफ्ट तंतोतंत जुळत न्हाईत. म्हून मधी रबर घालत्यात. घट्ट आवळलं की एकमेकाला मोडत्यात. आता तुमच्या पुस्तकात काय आसंल ते तुमाला ठावं."

पुस्तकात काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. "पुस्तकातही असंच आहे," मी म्हणाले.

रविवारी त्यांच्या घरी गेले, रबर शोधायला. तुळजापूरच्या पुजाऱ्याची मुलगी मी. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असलेल्या त्या खोलीत बसून चहा प्यायले, पाणीही प्यायले. घरी पत्र लिहिलं तेव्हा मोटरीबद्दल सविस्तर कळवलं. चहाबद्दल एक ओळ लिहिली आणि खोडून टाकली. शूर होते मी तशी, पण पोस्टाच्या पेटीपर्यंतच.

आमचा चहा होईस्तोवर त्यांच्या मुलीनं बापाच्या सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी काढून तिचा बोटाच्या पेरापेक्षाही लहान तुकडा कापला होता. एका बाजूनं मोटरीचा दांडा आत, दुसऱ्या बाजूनं स्पोक. सेल लावले आणि रहाट गरगर फिरला. मोटर जागची हलली नाही! झाकणाची बादली मात्र सुसाट वर आली आणि यंत्रमानवाच्या थोबाडात बसली. मग एक सेल काढला आणि बादलीत खडे भरले, तेव्हा ती शहाण्यासारखी वर येऊ लागली. दुसऱ्या दिवशी फिटर सायकल हातात धरून पायी कामावर जाताना दिसले. मी नमस्कार केला. ते हसले.

प्रदर्शनात परीक्षक आमच्या टेबलाशी आले. विहीर म्हणून ठेवलेल्या डब्यात डोकावून म्हणाले, "यात पाणी नाही?"

"सरांनी दिलं न्हाई," फिटरची मुलगी म्हणाली. "प्यायलाच न्हाई तर खेळायला कुठलं, म्हनले."

मुख्याध्यापक शेजारच्या टेबलावरचा ज्वालामुखी फार लक्ष देऊन पाहू लागले.

"बरं, हा यंत्रमानव नेमकं काय करतो?"

"काई न्हाई. काम मोटर करती. ह्यो नुसता हात लावून हुबा ऱ्हातो."

परीक्षकांबरोबर दोन साहेब होते. ते आधी एकमेकांकडं पाहून मग हसले. परीक्षकांनी रबरी नळीवर बोट ठेवून मला विचारलं, "हे का?" उत्तर माझ्या ओठांवर होतं, अगदी पुस्तकी भाषेत. पण मी मुलीकडं बोट केलं. "तिलाच विचारा," मी म्हणाले. "तिच्या वडिलांनी शिकवलंय आम्हाला."

तिनं सांगितलं, बापाच्याच शब्दांत, न अडखळता.

पहिलं बक्षीस ज्वालामुखीला गेलं. आम्हाला उत्तेजनार्थ एक कंपासपेटी मिळाली, दोघींत मिळून. परतीच्या एसटीत मुख्याध्यापक माझ्या पुढच्या बाकावर बसले. येरमाळ्याकडचा फाटा मागं पडल्यावर मागं वळून म्हणाले, "हार घातला असता तर नंबर आला असता."

मोटर मी त्या मुलीला देऊन टाकली. तिनं दुसऱ्याच दिवशी ती खोलली. आतली तांब्याची तार उलगडून वर्गात किती लांब होते ते मोजलं. मी रागावले नाही. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दहावीचं भौतिकशास्त्राचं पुस्तक घेऊन घरी गेले आणि माडीवर बसून पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.